सतरा नंबरचा पिंजरा

११ फेब्रुवारी, मंगळवार

घाईने लिहितेय. अक्षर नंतर वाचता आलं नाही तरी चालेल.

विष्णूभैया पिंजऱ्याखाली आले. सकाळी सव्वाअकराला. सतरा नंबरच्या.

पिंजरा म्हणजे आमच्या डाक-छटाईतली, टपाल वेगवेगळं करतात तिथली, ती लोखंडी जाळीची ट्रॉली. चार चाकं, माणसाएवढी उंच, आत पार्सलचे थैले गच्च. ट्रककडे जायला रॅम्प चढावा लागतो. भैया ढकलत चढवत होते. मध्येच दम घ्यायला थांबले, पायाने ब्रेक दाबला. लागला नाही. पिंजरा मागे यायला लागला. त्यांनी सोडला नाही! दोन्ही हातांनी रेटत राहिले, पाठ खांबाला टेकेपर्यंत. मग गुडघ्याचा आवाज. मग डोकं फरशीवर.

मी दहा पावलांवर होते. बाकी सगळे पलीकडे ट्रक लावून घेत होते. पाहिलं ते फक्त मी.

आणि सतराचा ब्रेक खराब आहे हे मला माहीत होतं. महिनाभर तो मागच्या भिंतीला दोरीने बांधलेला. सकाळी कोणाला कुठली ट्रॉली द्यायची ते माझं काम. विक्रांत — आमचा सुपरवायझर — आला, म्हणाला, "शैलाताई, सतरा काढा. माल खूप आलाय. साहेब म्हणाले, आजचा दिवस चालवा."

मी दोरी सोडली. मीच. भैयांना म्हटलं, ब्रेक सांभाळून हं. ते हसले. "भाभी, ये तो अपनी पुरानी घोड़ी है."

भाभी म्हणतात, कारण माझा नवरा दिलीप आणि ते एकाच दिवशी नोकरीला लागले होते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ऑपरेशन झालं. गुडघ्यात सळई घातली. डॉक्टर म्हणाले, चालतील, पण काठीशिवाय नाही. ढकलायचं-ओढायचं काम आता विसरा.

चोपन्न वर्षांचे आहेत. दुसरं काम त्यांनी आयुष्यात केलेलं नाही.

सतरा पुन्हा भिंतीशी नेऊन ठेवलाय. धुतलाय कोणीतरी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मी सही केली.

असं एकदम लिहून टाकलं. आता कसं झालं ते लिहिते.

विक्रांतने रेकॉर्डच्या खोलीत बोलावलं. चहा मागवला. तो कधी चहा मागवत नाही. म्हणाला, "ताई, जाँच बसणार. पाहणाऱ्या तुम्ही एकट्या. सतरा काढायला कोणी सांगितलं हे निघालं तर साहेब संपले. ३१ मार्चला रिटायर होतायत. छत्तीस वर्षांत एक डाग नाही."

मी म्हटलं, मग मी काय करू?

टाइप केलेला कागद समोर ठेवला. हिंदीत. "कर्मचारी ने जेब से मोबाइल निकालने हेतु एक हाथ हटाया, जिससे ट्रॉली असंतुलित हुई." ब्रेकचं नाव नाही. दोरीचं नाव नाही.

"हे खोटं आहे, विक्रांत."

"मला माहीत नाही का? पण साहेबांची इच्छा आहे. ते स्वतःच्या तोंडाने कसं सांगतील तुम्हाला? तुम्हीच समजून घ्यायला हवं. आणि दोरी कोणी सोडली हेही मग निघणार नाही."

शेवटचं वाक्य त्याने हळूच म्हटलं. कप उचलता उचलता.

गोपाळकृष्ण साहेब. दिलीप गेला तेव्हा आमची निहारिका तेरा वर्षांची होती. मला धड ऑफिसचं पत्र लिहिता येत नव्हतं. त्याच्या जागी मला नोकरी मिळावी म्हणून साहेब तीनदा भोपाळला गेले, रजा टाकून. माझी फाइल स्वतःच्या काखेत धरून. पहिल्या दिवशी मला प्रत्येक ट्रॉलीजवळ नेऊन ओळख करून दिली — ही चपटी, हिला पाटा म्हणायचं. हा चाकांचा टब, यात चिठ्ठ्या. हा पिंजरा, याच्यापुढे कधी उभं राहायचं नाही. त्या माणसाला शेवटच्या दीड महिन्यात मी बुडवू?

पेन माझंच होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वरण खारट झालं. निहारिकाने गुपचूप खाल्लं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्यात गेले. जायचं टाळत होते, पण सगळे जाऊन आले, मीच नाही — ते दिसायला लागलं.

माणिकबाई पायाशी बसलेल्या. भैयांचं डोकं बांधलेलं, चेहरा एवढासा झालेला. मला पाहून उठून बसायला लागले. कशाला उठता, म्हटलं.

मग त्यांनी विचारलं. हळू आवाजात, बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून.

"भाभी, एक बात बताओ. मुझे कुछ याद नहीं आ रहा. रैंप चढ़ा, वहाँ तक याद है. उसके बाद बस छत दिख रही है. विक्रांत साब बोल के गए कि मैंने मोबाइल निकाला था. आपने देखा. सच में निकाला था?"

मी त्यांच्या बांधलेल्या गुडघ्याकडे बघत होते. पलंगाच्या कडेला एक माशी बसलेली.

"हाँ भैया," मी म्हटलं. "शायद फोन आया था."

शायद! तो शायद कुठून आणला मी? खोटं बोलताना सुद्धा जरा मऊ करून बोलावंसं वाटलं.

त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला, तो नेमका जखमेवर लागला. "चौंतीस साल में कभी हैंडल नहीं छोड़ा. और देखो."

आणि मलाच म्हणाले, "आपको तकलीफ़ हुई मेरे कारण. जाँच-वाँच."

रिक्षा नको वाटली. देवास गेटपर्यंत चालत आले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज चाकं साफ केली. महिन्यातून एकदा करते, कोणी सांगितलेलं नाही. गठ्ठ्यांची सुतळी तुटून खाली पडते आणि चाकांच्या आसाला गुंडाळली जाते. वेढ्यावर वेढे बसतात. मग चाक फिरत नाही, फरफटतं. ब्लेडने कापून चिमट्याने ओढून काढायची. एका पिंजऱ्यातून मूठभर निघते.

डोळे मिटून सांगू शकते कुठला नंबर येतोय. सहा नंबर चिरकतो. अकरा डावीकडे ओढतो. वीसचं एक चाक हवेतच असतं, मध्येच टेकतं — टक्. पूर्वी मला हे आवाज आवडायचे. घरी सुट्टीच्या दिवशी चुकल्यासारखं व्हायचं.

आता मागून चाकं वाजली की पाठ भिंतीला लावून उभी राहते.

सतराची सुतळी काढली नाही. त्याच्याकडे गेलेच नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

साहेब बोलत नाहीत माझ्याशी. तेरा तारखेपासून. आधी रोज जाता-येता विचारायचे, "डबा खाल्लास का गं?" आता समोरून आले की मान खाली.

लाजत असतील. की मी फिरेन याची भीती? काहीही असो. मला राग येत नाही, हेच विचित्र आहे. उलट वाटतं, एकदा माझ्याकडे बघून नुसती मान हलवा. कळू तरी द्या की मी हे कोणासाठी केलं ते तुम्हाला माहीत आहे.

आज जिन्यात अगदी समोरासमोर आलो. ते थांबले. "शैला, तू..." म्हणाले. मग इकडेतिकडे बघितलं. "जाऊ दे. जाँच चालू आहे. मी तुझ्याशी बोलणं बरोबर नाही."

आणि उतरून गेले.

समजले मी. तोंड उघडू नकोस, असंच ना?

२६ फेब्रुवारी, बुधवार — महाशिवरात्र

रस्ते बंद. सगळं उज्जैन महाकालाच्या रांगेत. आज ऑफिसला सुट्टी. घरात बसून राहिले, आणि किती बरं वाटलं! बाहेरून लाउडस्पीकर, लोकांचे लोंढे, आणि मी दार लावून साबुदाणा भिजवतेय.

निहारिका म्हणाली, "आई, तुला ऑफिसमध्ये कोणी त्रास देतंय का?"

नाही गं.

"मग तू अंघोळ झाल्यावर पण हात का धूत असतेस?"

मला माहीतच नव्हतं मी असं करते.

तिला सांगावं? एकोणीस वर्षांची आहे, तिला सगळं सरळ दिसतं. ती म्हणेल, मग जा आणि खरं सांग. हो, पण कसं? खरं सांगितलं तर साहेब जातात. साहेब गेले की दोरी सोडणारी मीही जाते. मी गेले तर हिचं कॉलेज, हे घर. आणि नाही सांगितलं तर विष्णूभैया. चारी बाजूंनी कोणीतरी माझंच उभं आहे. कुठल्या बाजूला ढकलू?

१ मार्च, शनिवार

भैया दवाखान्यातून क्वार्टरवर आले. आज कळलं ते लिहून ठेवते.

ड्यूटीवरची जखम म्हणून धरली असती तर त्यांना बसून करायचं काम मिळालं असतं — टेबलावरची छटाई, नाहीतर चौकीदारी. क्वार्टर राहिलं असतं. पण लापरवाही सिद्ध झाली की तसं काही नाही. अनफिट म्हणून घरी. क्वार्टर तीन महिन्यांत खाली.

हे मला सही करताना ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं.

५ मार्च, बुधवार

भिंतीवर नोटीस लागली. "ट्रॉली चलाते समय मोबाइल वर्जित है." खाली पत्र्याचा डबा. ढकलणारे सगळे ड्यूटीवर आले की त्यात मोबाइल टाकतात.

माझ्या खोट्याचा नियम झाला!

सगळ्यांत वाईट म्हणजे कोणी कुरकुरत नाही. एक जण डब्यात मोबाइल टाकताना म्हणाला, "विष्णूदादा ने खुद कहलवाया है — मेरे जैसा मत करना."

आणि तेवीसच्या तेवीस पिंजऱ्यांचे ब्रेक कोणी तपासले? कोणी नाही. मीच आज दुपारी एकेकाच्या पायपट्टीवर उभी राहिले. चार लागत नाहीत. विक्रांतला सांगितलं. "ताई, आत्ता ब्रेकचा विषय काढायची वेळ आहे का?"

ते चार मी मागे लावून टाकले. पुढे पाटे आडवे घातले. एवढंच करता आलं.

८ मार्च, शनिवार

आज एक वेडेपणा झाला.

मागच्या बोळात त्या चार पिंजऱ्यांना दोरी बांधायला गेले होते. मी आत, भिंतीशी वाकलेली. तेवढ्यात एक ट्रक लवकर रिकामा झाला आणि पोरांनी रिकामे पिंजरे भराभर आणून बोळात लावले. एकात एक, एकात एक. मी आहे हे कोणाला दिसलं नाही. उठून पाहते तो समोर जाळी, तिच्यामागे जाळी, तिच्यामागे जाळी. पलीकडे माणसं ये-जा करतायत, त्यांचे तुकडे दिसतायत.

आवाज द्यायचा ना! एक हाक मारली असती तर अर्ध्या मिनिटात काढलं असतं. मी मारली नाही. तोंड उघडलं, आवाज निघेना. मग खाली बसले. थैल्याच्या ढिगावर. वीसेक मिनिटं बसले असेन. छान वाटत होतं, हे कोणाला सांगणार? इथे कोणी सही मागणार नाही. इथे कोणी भाभी म्हणणार नाही.

शेवटी विक्रांतनेच पाहिलं. "अरे! ताई! ओरडायचं नाही का?" पिंजरे ओढले. मला हात दिला. त्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. तो काही राक्षस नाही. आईला दर एकादशीला राम घाटावर नेतो. कागद टाइप करताना सुद्धा शुद्धलेखन तपासलं होतं त्याने.

घरी आले तेव्हा साडीला गंजाचे चौकोन उमटलेले होते.

१० मार्च, सोमवार

पत्र आलं. १७ तारखेला इंदूरला हजर व्हायचं. जाँच करणाऱ्या मॅडमसमोर. "पूर्व में दिए गए बयान की पुष्टि हेतु."

पुष्टी. म्हणजे एकदा बोललेलं पुन्हा बोलायचं. एवढंच. तीन मिनिटांचं काम.

१२ मार्च, बुधवार

सांगितलं.

आधी भैयांना. मॅडमच्या आधी त्यांना कळायला हवं असं वाटलं. ड्यूटी संपल्यावर सरळ क्वार्टरवर गेले. माणिकबाईंनी पाणी दिलं, होळीच्या पापड्या पुढे ठेवल्या. मी त्यांना म्हटलं, आप भी बैठो. मग एका दमात बोलले. ब्रेक लागत नव्हता. तुम्ही हात सोडला नव्हता. एकसुद्धा नाही. मोबाइल खिशातच होता. दोरी मी सोडली. आणि सही मी केली.

भैया काठीची मूठ चोळत राहिले.

बोलल्या त्या माणिकबाई. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "भाभी, मैंने एक महीने से इनसे सीधे मुँह बात नहीं की. रोज ताना मारा. मोबाइल, मोबाइल. इनका फोन ले के पेटी में बंद कर दिया. बेटी का फोन आता है तो भी मैं ही बोलती हूँ. ये माँगते भी नहीं थे." मग त्यांनी पदर तोंडाला लावला. "ये सिर झुका के सुनते रहे. मैं सुनाती रही."



भैयांनी फक्त विचारलं, "दोनों हाथ से पकड़ा था?"

हो.

"आखिर तक?"

खांबाला पाठ लागेपर्यंत, भैया.

त्यांनी डोळे मिटले. चेहरा असा झाला — काय लिहू, जणू हरवलेलं माणूस दारात आलं. एक क्षणभर. मग उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. तसं ते मला कधी पाहतील असं वाटलं नव्हतं.

"मैंने आपसे पूछा था ना भाभी. अस्पताल में. आपसे ही पूछा था."

मी मान खाली घातली.

"अब आप जाओ."

गेले. पापड्या तशाच राहिल्या.

१४ मार्च, शुक्रवार — धुळवड

बाहेर गेले नाही. निहारिकाला सगळं सांगितलं. ती चिडेल वाटलं. तिने माझा चष्मा काढून पुसून परत दिला, बस.

१७ मार्च, सोमवार

इंदूर. दुपारी एकला आत बोलावलं.

मॅडम साठीच्या जवळच्या, पांढरे केस, मोजकं बोलणं. पहिलं बयान वाचून दाखवलं. "पुष्टि करती हैं?"

नहीं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सांगत गेले. ब्रेक, दोरी, रॅम्प, खांब. आवाज फाटत होता, पण निघत होता! मध्ये पाणी प्यायले. दोरी मीच सोडली हेही सांगितलं. आश्चर्य म्हणजे तिथे जीभ अडली नाही.

"ट्रॉली निकालने का आदेश किसका था?"

"साहेब का."

"बयान बदलवाया किसने?"

"साहेब ने."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "उन्होंने आपसे खुद कहा?"

सांगायला आला होता विक्रांत. पण शब्द साहेबांचेच ना. विक्रांतचं नाव घेतलं तर त्या म्हणतील, ऐकीव गोष्ट. पुन्हा सगळं लटकणार, पुन्हा तारीख. आणि खरं म्हणजे मला लवकर बाहेर पडायचं होतं. त्या खोलीला खिडकी नव्हती.

"हाँ," मी म्हटलं. "खुद कहा."

सही केली. या वेळी त्यांच्या पेनने.

बसमध्ये खिडकीशी बसून रडले. साहेबांसाठी. पण रडतानासुद्धा श्वास पोटापर्यंत जात होता. महिन्याभरात पहिल्यांदा.

१९ मार्च, बुधवार — रंगपंचमी

निहारिका ओढून टॉवर चौकात घेऊन गेली. गेर — रंगांची मिरवणूक — बघितली. दोघी भिजलो, निळ्या-गुलाबी झालो. उभ्याने कचोरी खाल्ली, दोन-दोन! पोट दुखेस्तोवर हसलो कशावर तरी, कशावर ते आठवत नाही.

घरी आल्यावर फोन वाजला. विष्णूभैया.

"कुछ नहीं," म्हणाले. "मोबाइल चालू है कि नहीं, देख रहा था."

आणि ठेवला.

माफ केलं असं नाही. पण फोन केला.

२१ मार्च, शुक्रवार

साहेबांचा चार्ज काढून घेतला. सकाळी दहाला आदेश आला. रिटायर व्हायला दहा दिवस उरलेले. केबिनच्या किल्ल्या विक्रांतला देऊन ते बाहेर बाकावर बसून राहिले, जिथे ट्रकवाले बसतात. समोरून पिंजरे जात-येत होते. कोणी थांबलं नाही.

भैयांना टेबलाचं काम मिळणार असं ऐकलं. क्वार्टरही राहणार. मी मनाशी म्हटलं, एकाची बाजू घेतली की दुसऱ्याला लागणारच. याला इलाज नाही. शंभरदा म्हटलं. तरी बाकाकडे बघवेना.

मला मेमो आहे दोरीबद्दल. असू दे. तो खरा आहे.

२४ मार्च, सोमवार

साहेब आज स्वतः माझ्याजवळ आले. म्हणाले, "आता बयानं झाली, आता बोलायला हरकत नाही. शैला, एकच विचारतो. मी तुला हे कधी सांगितलं?"

मी हातातला थैला खाली ठेवला.

"मी तर सतराला हात लावू नका म्हणून विक्रांतला दोनदा बजावलं होतं. तू सही केलीस, मला वाटलं तू तसंच पाहिलं असशील. तुझ्यावर संशय कसा घेऊ?" रागावले नाहीत. उत्तर समजून घ्यायचं होतं त्यांना, एवढंच.

मी सरळ केबिनमध्ये गेले. विक्रांत साहेबांच्या खुर्चीत. विचारलं — साहेब काही बोलले होते तुझ्याशी? अकरा तारखेला? तेराला? एकदा तरी?

त्याने दार लावलं. कागद सारखे केले. मग म्हणाला, "ताई, साहेबांचं नाव घेतलं नसतं, तर तुम्ही सही केली असती?"

नसती.

आत्ता साडेबारा. रजेचा अर्ज टेबलावर ठेवला. देवास गेटहून एकची बस आहे इंदूरची. मॅडम म्हणतील, ही बाई बयान किती वेळा बदलणार? म्हणू दे. या वेळी "खुद कहा" नाही.